तराफ्याच्या पट्ट्यातला म्हातारा

तो पहिल्यांदा माझ्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात आला तो एक बूट पायात आणि दुसरा हातात घेऊन. बाहेर ऑक्टोबरचा बारीक, न थांबणारा पाऊस होता… आणि त्याच्या पाठोपाठ नदीकाठचा वासही आत आला. अंडी घालून मेलेल्या सॅमनचा वास. शरद ऋतूत आमचं अख्खं गाव त्या वासात बुडालेलं असतं आणि नवा माणूस नाक धरून फिरतो. हा मात्र खुशाल हसत उभा होता.

“बुटाचा तळ निघाला,” तो म्हणाला. “तुमची नदी फार निसरडी आहे.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” मी मान वर न करता म्हटलं. “नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या तळांचे बूट घालून आमच्या नदीत कुणी उतरत नाही. खिळ्यांचे बूट घ्या.”

“घेतो. घालून द्याल?”

“बूट घालून द्यायचं वय गेलं तुमचं.”

मग मात्र मान वर केली. ओले केस, कपाळावर गळाचा जुना ओरखडा, आणि डोळे असे की त्यांना काही विकताना किंमत विसरावी. नाव रूबेन फ्रीसन, गाव सास्काचेवानच्या सपाट, गव्हाच्या मुलखातलं. सॅमन आणि स्टीलहेड माशांच्या मागे वेड्या झालेल्या लोकांना कुठल्या महिन्यात कुठली नदी गाठायची ते सांगायचं आणि त्यांची सहल ठरवून द्यायची, हा त्याचा धंदा. नॉर्वे झालं होतं, आइसलँड झालं होतं, कामचाटकाच्या अस्वलांशीही ओळख झाली होती. आणि आमची नदी त्याच्याच देशात, तरी ती शेवटी. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

“एवढ्या नद्या फिरलात,” मी म्हटलं, “आणि एकीच्याही काठावर कुणी भेटलं नाही?” म्हटलं आणि जीभ चावली.

“भेटायचं माणूस दुकानात भेटतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं,” तो म्हणाला, आणि खिळ्यांचे बूट घालून खडखडत निघून गेला. त्या दिवशी मी गिऱ्हाइकांना दोनदा गळाची चुकीची दोरी दिली.

दुसऱ्या दिवशी तो बुडत्या टोकाची दोरी घ्यायला आला. मग दोरी गुंडाळायच्या रिळाला तेल घालायला, मग नुसताच कॉफी प्यायला. मी गळावर पिसं आणि लोकर गुंडाळून माशांना भुलवणाऱ्या खोट्या माश्या बांधत बसायची आणि तो समोरच्या स्टुलावर बसून माझी बोटं बघायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. एकदा दोरा तोडताना त्यानं कात्री पुढे केली आणि हात मागे घ्यायला विसरला… मीही आठवण करून दिली नाही.

“ही कुणाची?” त्यानं एकदा माझ्यामागच्या खिळ्यावर टांगलेल्या विजारीकडे बोट दाखवलं. छातीपर्यंत येणारी, पाण्यात उतरायची विजार.

“विकायची नाही.”

“मी किंमत कुठे विचारली? तू मासे धरत नाहीस?”

“मी सामान विकते.”

ती माझीच विजार होती. माझे वडील, इव्हार ब्रेक्के, मागच्या ऑक्टोबरमध्ये तराफ्याच्या पट्ट्यात उतरले ते परत आले नाहीत. त्या ठिकाणी पूर्वी तराफा चालायचा, म्हणून ते नाव. नदीनं त्यांना परत दिलं नाही, गळाची काठीही दिली नाही, लाल टोपीही नाही. तेव्हापासून मी पाण्यात पाऊल घातलं नव्हतं. जगाला नदीत उतरायचं सामान विकत होते आणि स्वतः पुलावरून जाताना मान फिरवत होते. हे मी त्याला सांगायला हवं होतं, पण दर वेळी मी दुसराच विषय काढायची.

त्याच्या बोलण्यात एक म्हातारा मात्र रोज यायचा. कितीही लवकर जा, हा आपला आधीच पाण्यात. धुक्यात पाठमोरा उभा. ‘मागून येऊ का?’ म्हणून विचारलं तर बोलत नाही, नुसतं कोपर उचलतो, म्हणजे ‘ये’. आमच्याकडे नदीत पुढे असलेल्या माणसाचा मान मोठा. तो माशी फेकणार, प्रवाहाबरोबर फिरू देणार, मग प्रवाहाच्या दिशेनं खाली दोन पावलं सरकणार. मागून आलेल्यानं त्याला विचारून त्याच्या वरच्या बाजूला उतरायचं आणि त्याच्याच चालीनं जायचं. त्याला वळसा घालून त्याच्या खाली उतरणं म्हणजे जेवत्या माणसाच्या पुढचं ताट ओढणं. रूबेन नियम पाळणारा होता, पण वैतागला होता. म्हातारा एका ठरावीक जागी पोचला की थांबायचा, आणि मग हलायचाच नाही.

“म्हाताऱ्याला सांग, घरी बायको वाट बघतेय,” मी हसत म्हटलं होतं. ही जागा कुठली, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मासे धरणाऱ्याला जागा विचारायची नसते, आणि सामान विकणाऱ्यानं तर मुळीच नाही. त्या शिष्टाचारापायी मी किती मोठी चूक करत होते, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्याच्या मुक्कामाची शेवटची सकाळ एका दिवसावर आली तेव्हा तो भिजलेला, खूश होऊन आला आणि काउंटरवर एक माशी ठेवली. “माझ्या दोरीत अडकून आली. त्या म्हाताऱ्याची असणार. अशीच एक बांधून दे ना, तुझी आठवण म्हणून.”

काळी पिसं, आणि मानेपाशी मोहरीच्या रंगाची लोकर.

बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी माझी केशरी लोकर संपली होती. म्हणून मी स्वतःच्या मफलरचा धागा उसवून बाबांसाठी ही माशी बांधली होती. तशी दुसरी जगात नव्हती. सकाळी ते ती दोरीला लावून गेले होते. वर्षभर पाण्यात राहिलेल्या गळाला गंज चढतो… हा गळ मी नुकताच डबीतून काढल्यासारखा चमकत होता.

“कुठे मिळाली?”

“ते विचारायचं नसतं ना?”

“रूबेन, कुठे?”

माझा आवाज ऐकून तो बावरला. “तराफ्याच्या पट्ट्यात. पडलेल्या पॉप्लरच्या झाडाच्या जरा वर.”

माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि मग भीतीचा राग झाला. मला वाटलं, गावात कुणीतरी त्याला सगळं सांगितलंय आणि हा माझी थट्टा करतोय. म्हातारा, माशी, सगळं रचलेलं. मी त्याला वाटेल ते बोलले, दार उघडून उभी राहिले.

“माझं काय चुकलं, ते तरी सांग,” तो म्हणाला. मी दाराकडे बोट दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. “बरं. परवा मी निघतोय. उद्या तो म्हातारा थांबला ना, की त्याला वळसा घालून खाली उतरणार. सगळ्यांचे सगळे नियम मीच का पाळायचे?”

तो गेला आणि मी ती माशी मुठीत धरून बसले. त्या पॉप्लरखाली वाळूगोट्यांचा एक ओटा आहे. वरून भक्कम दिसतो, आतून नदीनं पोखरलाय. बाबा तिथूनच गेले. गावातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे, म्हणून गावातलं कुणी तिथे उतरत नाही. रूबेनला ठाऊक नव्हतं. तो रोज सकाळी त्या ओट्याच्या दिशेनं दोन दोन पावलं सरकत होता… आणि कुणीतरी रोज त्याच्यापुढे थांबत होतं, हलत नव्हतं, म्हणून तो जिवंत होता.

मी धावत त्याच्या मुक्कामी गेले. खोली बंद, गाडी नाही. नदीकाठीच कुठेतरी गाडीत झोपला असणार, आणि दरीत फोन लागत नाही. अंधारात त्या काठावर जायची माझी छाती झाली नाही, हेही सांगून टाकते. मात्र जरा दिसायला लागलं तशी खिळ्यावरची विजार काढली, बाबांची जुनी काठी घेतली आणि निघाले.

धुकं इतकं की नदी नुसती ऐकू येत होती. काठाशी मेलेले सॅमन पांढऱ्या डोळ्यांनी पडलेले. रूबेन पाण्यात नव्हता. तो काठानं चालत पॉप्लरपाशी पोचला होता आणि एक पाय पाण्याकडे टाकत होता.

“थांब,” मी म्हटलं. “तिथे पायाखाली काही नाही. माझे वडील तिथून गेलेत.”

तो जागच्या जागी थिजला. माझ्याकडे बघितलं, मग नदीकडे. “सुनिव्हा… तो तिथे उभाय. डावऱ्या हातानं फेकतोय. लाल टोपी आहे.”

बाबा डावरे होते. मी डोळे फाडून बघितलं. धुकं, पाणी, दुसरं काही नाही. त्याला दिसावेत आणि मला दिसू नयेत, याचं इतकं वाईट वाटलं की रडू फुटलं. मग ऐकू आलं. टिक टिक टिक… जरा थांबून, टिक. बाबांच्या रिळाचा एक दात तुटलेला होता. तो मीच बसवून देणार होते, रोज उद्या उद्या करत राहिले.

मी वरच्या बाजूला गेले आणि पाण्यात पाऊल घातलं. थंडी हाडांत शिरली. गुडघे, मांड्या, कंबर… आणि पाय रोवून उभी राहिले.

“बाबा,” मी म्हटलं, “मागून येऊ का?”

रीळ थांबलं.

“त्यानं मान वळवली,” रूबेन काठावरून हळूच म्हणाला. “तुझ्याकडे बघतोय. टोपी काढली… आता बाहेर येतोय.”

काठाच्या कोरड्या गोट्यांवर ओल्या खिळ्यांचे ठसे उमटत गेले, एकापुढे एक, रूबेनच्या अगदी जवळून. तो दचकून मागे सरला. त्याच वेळी पॉप्लरखालचा ओटा आवाजही न करता खाली बसला. झाड एकदा हललं आणि नदीबरोबर निघून गेलं. जिथे रूबेनचा पाय होता, तिथे काळं पाणी फिरत होतं.

मग तो काठाकाठानं वर आला, माझ्याही वर गेला आणि पाण्यापाशी उभा राहिला. चेहरा पांढरा पडला होता, तरी हसायचा प्रयत्न करत होता.

“उद्या जायचंय ना तुला?” मी विचारलं.

“पुढच्या नदीवर कुणीच नाहीये, सुनिव्हा. मी सगळ्या बघितल्यात.” त्यानं श्वास घेतला. “मागून येऊ का? आज, आणि… मला पुढेही तुझ्याच मागून यायचंय. माझं प्रेम आहे तुझ्यावर.”

“ये,” मी म्हटलं. “पण घाई करायची नाही. माझी चाल हळू आहे.”

तो उतरला. मी मोहरीच्या मानेची माशी दोरीला बांधली, फेकली, फिरू दिली आणि दोन पावलं खाली सरकले. माझ्यामागे तो सरकला. पुढे कुणी नव्हतं. सगळं पाणी मोकळं होतं.

आणि मग नदीच्या वरच्या बाजूनं, धुक्याच्या पार वरून, आवाज आला. टिक टिक टिक… जरा थांबून, टिक.

रूबेन एकदम थांबला. “तो गेला ना?” त्यानं कुजबुजत विचारलं.

“नाही रे. पट्टा संपला की वर जायचं आणि सगळ्यांच्या मागे उतरायचं, असाच नियम आहे,” मी म्हटलं. भीती वाटत होती आणि हसूही येत होतं. “ते विचारताहेत. उत्तर दे.”

त्यानं मागे वळून बघितलं नाही. फक्त धुक्याकडे पाठ ठेवूनच कोपर उचललं, आणि आम्ही दोन पावलं खाली सरकलो.