माखा, नंबर आठशे एक

अंधेरीला, नकाशांच्या प्रती काढून देणाऱ्या काशीरामच्या अमोनिया प्रिंटच्या दुकानात मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो भांडत होता. म्हणजे… भांडायचा प्रयत्न करत होता. आवाज चढवणं त्याला जमत नव्हतं.

"यातलं काही उठणार नाही," काशीराम म्हणाला. "कागद जाड, रेघा पुसट. नुसतं काळं निघेल."

मी ऑफिसची ड्रॉइंग्ज घेऊन मागे उभी होते. मान वाकडी करून पाहिलं, तर कागदावर वाफेचं रेल्वे इंजिन. सगळी मापं फूट-इंचांत.

"हे आधी पारदर्शक कागदावर ट्रेस करावं लागेल," मी म्हटलं.

तो वळला. "ट्रेसर कुठे मिळेल? ओळखता एखादा?"

"एखादी चालेल?"

तो हसला, आणि लगेच गंभीर झाला. "चालेल. पण चूक चालणार नाही. हे मॉडेल बघायचं नाहीये, हाताने चाचपायचंय."

अठ्ठ्याऐंशी सालचा जानेवारी होता. त्याचं नाव नंदकिशोर. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये टूलरूमला कामाला होता. आणि सुट्टीच्या दिवशी हा माणूस आयर्लंडच्या जुन्या इंजिनांची मॉडेलं बांधायचा! पितळी पत्रा कापून, कानशीने घासून, डाग देऊन. चार झाली होती. हे पाचवं.

"आयर्लंडच का?" मी विचारलं.

"कोलम ब्रदरमुळे."

बोरिवलीच्या शाळेत मूळचे आयर्लंडचे ब्रदर कोलम त्याला हस्तकला शिकवायचे. तांदळासारखं नाव म्हणून पोरं हसायची. डालड्याच्या डब्याच्या पत्र्यातून पहिलं इंजिन त्यांनीच त्याच्याकडून करून घेतलं होतं. ब्रदरांचे वडील 'माखा' नावाच्या, आठशे एक नंबरच्या इंजिनावर कोळसा मारायचे. तिथल्या जुन्या राण्यांची नावं दिलेली अशी तीनच मोठी इंजिनं बांधली गेली होती. माखा पुढे भंगारात गेली. आणि आता साखरेच्या आजाराने ब्रदरांची नजरही गेली होती.

"डोळे होते तेव्हा मागितलं असतं तर बरं झालं असतं," नंदकिशोर म्हणाला. "पण ते कधी काही मागतच नाहीत. मीच ठरवलं."

दर रविवारी दिंडोशीहून मी चारकोपला जायला लागले. त्याच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर पितळेचा सोनेरी भुगा, आणि आत चुलीपाशी त्याची आई, रुक्मिणीकाकी. तासाभराने त्या बाहेर यायच्या. "ह्येच्या इंजिनाक भूक लागना नाय, तुका लागता मां? खा गो."

एका फुटाला सात मिलिमीटर असं प्रमाण. म्हणजे माखा दीड फुटाची होणार. माझं ट्रेसिंग महिन्याभरात संपलं. तरी मी जातच राहिले. पत्र्याच्या मागच्या बाजूने बोथट सुई दाबून रिव्हेटचे दाणे उठवायचं काम मी मागून घेतलं.

"तिसरा दाणा वाकडा आहे," तो म्हणायचा.

"कुणाला कळतंय?"

"ब्रदरांच्या बोटाला."

"एकाच दाण्यासाठी अख्खा पत्रा टाकायचा?"

"हो."

"दुष्ट आहेस."

"तुम्हीवरून तूवर आलीस," तो खाली बघत म्हणाला. "वाकड्या दाण्याचा फायदा."

मी बत्तीस दाणे पुन्हा उठवले. तो भिंगातून बघत होता आणि मी त्याच्या कपाळावरचे केस बघत होते. एकदा सुई देताना बोटं टेकली… दोघांनीही पटकन काढून घेतली नाहीत. मग आतून भांडं वाजलं.

"आयर्लंडच्या आणि आपल्या दोन रुळांमधल्या अंतरात फरक किती असेल, माहितेय?" तो घाईघाईने म्हणाला. "तीन इंच. आपले तेवढे रुंद."

"एवढाच?"

"एवढाच."

पण एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती.

माझं लग्न झालं होतं. अनंतशी. लग्नाला अकरा महिने झाले आणि हायवेवर त्याच्या स्कूटरला ट्रकने उडवलं. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आता सव्वीस. या तीन वर्षांत माझ्याशी बोलताना सगळे आवाज खाली आणायचे. कॉलनीत हळदीकुंकू असलं की बायका आमच्या दारावरून पाय न वाजवता जायच्या. आई अनंतचं नाव घेत नसे. जणू तो नव्हताच.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी धीर केला. "नंदकिशोर… तुला काहीतरी सांगायचंय."

तो कानस चालवत होता. थांबला. "माहितेय मला."

"काय माहितेय?"

"काशीरामने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू गेल्यावर."

माझे कान तापले. तीन महिने मी वाक्यं जुळवत होते. आरशासमोर, बसमध्ये, ऑफिसात ड्रॉइंग बोर्डावर वाकून.

"म्हणजे तेव्हापासून तू माझी कीव करत होतास?"

"नाही गं, तसं…"

"तसं काय? बोल ना!"

तो हातातली कानस उलटसुलट करत राहिला. मी पर्स उचलली. दारात रुक्मिणीकाकी पोह्यांची बशी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघताच मी जिना उतरले.

पुढचे चार रविवार मी घरीच राहिले. इंजिनावर लावायच्या नावाच्या दोन पाट्या माझ्याकडेच राहिल्या होत्या. अक्षरं आयरिश वळणाची, उठावाची. फोटोवरून कोरायची. राग होता तरी रोज संध्याकाळी मी पाटी घेऊन बसायचे. आणि कानस चालवता चालवता हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. कीव करणाऱ्याने मला बत्तीस दाणे परत करायला लावले नसते. 'छान झालंय हो' म्हणून सोडून दिलं असतं. या तीन वर्षांत माझी चूक दाखवणारा तो एकटाच होता.

पण आता त्याच्याकडे जायचं कोणत्या तोंडाने?

तोच आला. मे महिन्यातली दुपार, आमच्या ऑफिसचं गेट. सायकल हातात, शर्ट घामाने भिजलेला.

"ब्रदर मंगळवारी जातायत. आयर्लंडला… कायमचे. इंजिन तयार आहे."

मी पर्समधून पाट्यांची पुडी काढली. त्याने हात पुढे केला नाही.

"तूच बसव. आणि त्यांच्या हातातही तूच दे. रविवारी गोराईला येशील?"

म्हाताऱ्या ब्रदर लोकांसाठी असलेल्या गोराईच्या विश्रांतीघरात ब्रदर कोलम व्हरांड्यात बसले होते. पाय सुजलेले, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. मी हिरवी माखा त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. बोटं धुरांड्यावरून बॉयलरवर आली, दाणा दाणा मोजत केबिनपर्यंत गेली. तिथे थांबली.

"इथे," ते म्हणाले. त्यांचं मराठी अगदी बोरिवलीचं होतं. "इथे डॅडी उभा राहायचा. मी नऊ वर्षांचा. मला वर उचललेलं त्याने. काय गरम होतं रे!"

नंदकिशोरने मान वळवली.

मग बोटं नावाच्या पाटीवर आली. एकदा फिरली, दोनदा फिरली. कपाळावर आठी पडली.

"टिंब कुठाय? 'सी'च्या डोक्यावर टिंब पाहिजे. टिंब नाही तर माखाची माका झाली!"

फोटोत तो ठिपका दिसला होता मला. धूळ समजून सोडून दिला होता.

"माझी चूक, ब्रदर," नंदकिशोर म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "पाटी मी केलीय. चूक माझी."

ब्रदर आवाजाच्या दिशेने वळले. "ही कोण?"

"उत्तरा," तो म्हणाला. "अर्धं इंजिन तिचं आहे."

"मग अर्धा हिचा कान पकडायचा," म्हणत ब्रदर हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहिलं, ते त्यांनी पुसलं नाही.

प्रवासात काही निखळलं तर असावी म्हणून नंदकिशोरने डाग द्यायची सळई आणली होती. स्वयंपाकघरातल्या स्टोव्हवर ती तापवली. त्याने पाटी धरली, मी दोन्ही टिंबं ठेवली. ब्रदरांनी चाचपून पाहिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच होता.

परतीच्या बोटीत आम्ही कडेच्या फळीवर बसलो. खाडीला भरती होती. मासळीच्या टोपल्या, इंजिनाची घरघर, खारा वारा. तो पाण्याकडे बघत होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "रागावणार नाहीस?"

"विचार."

"अनंत… कसे होते?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. कसा गेला, ते सगळ्यांनी विचारलं. कसा होता, ते कुणीच नाही.

"विसराळू," मी म्हटलं. "चष्मा डोक्यावर आणि शोधायचा घरभर. शिट्टी बेसूर वाजवायचा. मी ओरडले की जास्तच…"

बोलत राहिले. बोट काठाला लागली, लोक उतरले, आम्ही धक्क्यावर उभं राहून बोलत होतो. म्हणजे मी बोलत होते, तो ऐकत होता. मध्येच हसला. एकदा त्याचे डोळे भरले. अनंत पहिल्यांदाच मला मेलेला वाटला नाही. कुणाला तरी सांगावा असा वाटला.

सगळं सांगून झालं तेव्हा ऊन कललं होतं.

"दमलीस?"

"नाही. मोकळी झाले." मी डोळे पुसले. "आता तुझं विचार."

"माझं काय?"

"जे विचारायला चार महिने लागले ते."

तो गोंधळला. खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. या वेळी मी घाई केली नाही, पर्स उचलली नाही. थांबले.

"उत्तरा…" तो अखेर म्हणाला, "पुढच्या रविवारी मी आईला घेऊन दिंडोशीला येऊ?"

"ये," मी म्हटलं. आणि त्या भर धक्क्यावर, मासळीवाल्या बायकांच्या देखत, मी त्याचा हात हातात घेतला.