सावली वाणाच्या माशा

एकाच पातेल्यातलं खाणं, एकाच फळीवरच्या दोन बाटल्या. एकीत फळमाशा मजेत काचेवर चढत होत्या. दुसरीत सगळ्याच्या सगळ्या उताण्या पडल्या होत्या, पाय वर करून.

पुढच्या बाटलीला लावायचा कापसाचा बोळा झेलमच्या हातात तसाच राहिला. आत्ता, जरा वेळापूर्वी, तिनंच त्या बाटल्यांमध्ये माशा सोडल्या होत्या. तेव्हा दोन्हीकडच्या चांगल्या फडफडत होत्या.

"मेल्या," भोपळ्या म्हणाला. भोपळ्या म्हणजे माशीघरातला यंत्रमानव. गोल, पिवळट आणि नको तिथं तोंड घालणारा.

"तुला कोणी विचारलं?"

"कोणी नाही. दिसतंय म्हणून सांगितलं. आणि मेल्यात त्या सावली वाणाच्या. बाजूच्या साध्या जिवंत आहेत. निवड छान आहे तुझी."

झेलमनं बाटलीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. सावली वाण म्हणजे माशीआजींचा जीव की प्राण.

ही गोष्ट आहे ध्रुववाडीची. चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर जमिनीखाली वसवलेली छोटीशी वस्ती ती. तिथं डॉक्टर दमयंती केळुसकर फळमाशा पाळायच्या. फळमाशा म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंगावतात ती चिलटं. त्यामुळे अख्खी वाडी त्यांना माशीआजी म्हणायची. बी-बियाणं गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतं, माशांचं तसं जमत नाही. त्या जिवंतच ठेवाव्या लागतात, जुन्या बाटलीतून नव्या बाटलीत, आईकडून लेकींकडे. सावली वाणाची तेवढी एकच बाटली उरली होती. बाकीच्यांना बुरशी लागली होती. पृथ्वीवरून पुढचं यान यायला अजून कितीतरी महिने होते. म्हणजे ही बाटली गेली, की वाण गेला.

आणि झेलम तिथं कशी? तर ती वर्गात टिकत नव्हती. बाकावर बसलं की तिच्या पायांना मुंग्या यायच्या, आणि कोणी "नीट बस" म्हटलं की डोक्यात तिडीक जायची. शाळा सुटली. मग तिला भाजीघरात लावलं. तिथं तिनं मुकादमाशी भांडून रोपांचा ट्रे आपटला. यंत्रशाळेत तर दोनच दिवस टिकली. "पाटणकरांचा राग आहे तो, रक्तातच आहे," सगळे म्हणायचे. शेवटी माशीआजी म्हणाल्या, "द्या माझ्याकडे. माझ्या माशा तिच्यापेक्षा जास्त चुळबुळ्या आहेत."

काम सोपं होतं. मक्याचं पीठ, गूळ, खमीर आणि घट्टपणासाठी चायना ग्रास पाण्यात शिजवायचं, बाटल्यांत ओतायचं, पार गार होऊ द्यायचं. गालाला बाटलीचं बूड लावून बघायचं, आणि मगच माशा सोडायच्या. आज कबड्डीचा सराव होता. चंद्रावर माणूस हलका होतो, त्यामुळे तिथली कबड्डी म्हणजे अर्धी हवेतच चालते. झेलमला तिकडे पळायचं होतं. खाणं घट्ट झालेलं दिसलं, गालबिल लावायचं सोडून तिनं माशा सोडल्या.

"नियम असा आहे," भोपळ्या म्हणाला, "मेलेल्या माशा साबणपाण्याच्या डब्यात."

झेलमनं डबा ओढला, झाकण काढलं. एका झटक्यात बाटली उपडी केली की झालं. मग आजींना सांगायचं, बुरशीच लागली होती हिलाही. तिनं बाटली उचलली आणि थांबली. तळ कोमट लागत होता.

तिनं दुसरी बाटली उचलली. तीही तेवढीच कोमट.

"ए भोपळ्या. ऊब यांनाही लागली, त्यांनाही लागली. मग या का नाही पडल्या?"

"मला काय माहीत. मी कचऱ्याचं बघतो."

झेलमनं भिंग ओढलं. डोळा तिचा तीक्ष्ण, हे तिच्या शत्रूंनाही मान्य होतं. उताण्या पडलेल्या एका माशीच्या पोटाकडे ती टक लावून बघत राहिली. पोट हलकेच आत गेलं. बाहेर आलं. परत आत.

तेवढ्यात दार सरकलं आणि माशीआजी आल्या. झेलमच्या एका हातात बाटली, समोर उघडा डबा. लपवायला आता काहीच नव्हतं.

"मी खाणं गार होऊ दिलं नाही," ती घाईघाईनं म्हणाली. "सगळ्या पडल्या. पण आजी, हिचं पोट हलतंय. खरंच हलतंय."

"बाटली आधी आडवी कर," आजी शांतपणे म्हणाल्या. "उभी ठेवलीस तर ओल्या खाण्यात चिकटून बसतील, मग खरंच मरतील. हां. आता त्या परातीत गार पाणी घे आणि त्यात ठेव तिला."

झेलमनं ठेवली. दोघी वाकून बघत राहिल्या. भोपळ्याही वाकला.

आधी एकीचा पाय हलला, मग दुसरीचा. एक माशी कुशीवर वळली, धडपडून उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. तिनं पुढचे पाय एकमेकांवर चोळले, अगदी जेवायला बसायच्या आधी हात धुतल्यासारखे. आणि बघता बघता सगळी बाटली काचेवर चढायला लागली.

झेलमच्या तोंडून मोठा श्वास सुटला. तिला हसू येत होतं. ती तिथंच फरशीवर बसली.

"मी म्हणालोच होतो," भोपळ्या म्हणाला.

"तू म्हणालास मेल्या."

"ते आधी."

आजीही तिच्याशेजारी टेकल्या. "तू डबा उघडला होतास."

"हो."

"मग थांबलीस का?"

"ऊब दोघींना सारखीच होती. पडल्या एकाच बाटलीतल्या. ते पटेना." मग तिला एकदम राग आला. "पण तुम्हाला माहीत होतं ना या अशा पडतात ते? मग आधी का नाही सांगितलंत? माझा जीव गेला असता इथं."

"चुकलंच माझं," आजी म्हणाल्या. "माशीघरात सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कोणी कोणाला सांगतच नाही. आता सांगते. पण आधी तू परत पाड त्यांना."

"काय?"

"थोड्या एका नळीत घे आणि मूठ लाव. तुझ्या हाताची ऊब पुरे."

झेलमनं सावलीच्या थोड्या माशा एका छोट्या नळीत घेतल्या, साध्या माशा दुसऱ्या नळीत, आणि दोन्ही मुठीत धरल्या. थोड्या वेळात सावलीच्या माशा एकेक करून गळाल्या. चंद्रावर वजनच कमी, त्यामुळे कापूस पडावा तशा हळूहळू खाली आल्या. साध्या चालतच होत्या. नळ्या गार पाण्यात धरल्या, की सावलीच्या परत उठल्या. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"आता सांगा," ती म्हणाली.

"तुला हात हलवायचा असतो, तेव्हा चेतातंतू (शरीरात निरोप नेणारा धागा) स्नायूला निरोप देतो. तो निरोप रसायनाचा असतो, बारीक बारीक पिशव्यांत भरलेला. पिशवी तंतूच्या टोकाशी येते, रिकामी होते. मग ती पुन्हा आत ओढून भरायची. आता भोजनघरातले सदूकाका आठव. त्यांच्याकडे चहाचे ग्लास मोजकेच. ग्लास विसळायचं यंत्र अडकलं तर काय होईल?"

"पहिल्यांदा सगळ्यांना चहा मिळेल. मग ग्लास संपतील."

"चहा आहे, पिणारे आहेत, सदूकाका ओरडतायत, पण चहा द्यायचा कशात? माशीचं तसंच होतं. निरोप द्यायचाय, पिशवीच नाही. म्हणून ती निपचित पडते. मेलेली नसते."

"आणि यंत्र ऊब लागली की अडकतं."

"बरोबर. ती पिशवी चिमटीनं तोडून आत घ्यायचं काम एक प्रथिन (पेशीतलं काम करणारं द्रव्य) करतं. ते कसं घडवायचं, ती सूचना जनुकात (आईबापांकडून येणाऱ्या सूचनेत) असते. सावली वाणात त्या सूचनेत एका जागी बदल आहे. याला उत्परिवर्तन (जनुकातला बदल) म्हणतात. त्यामुळे प्रथिन जरा कच्चं बनतं. तुपाचा लाडू बघ, थंडीत कसा छान वळलेला राहतो, आणि उन्हाळ्यात बसकण मारतो. तसं."

झेलम नळीकडे बघत राहिली. "म्हणजे गारव्यात ठेवलं तर यांच्यात काही वेगळं आहे हे कळणारसुद्धा नाही."

"नाही कळणार. जनुक मात्र तेच असतं."

"आणि या अळ्या असतानाच तापवल्या तर? म्हणजे अजून घडतायत तेव्हा?"

आजींनी चष्मा काढला. हा प्रश्न त्यांनी शिकवलेला नव्हता.

"तेव्हा आणखीच गंमत. कोशात (अळीची माशी होते त्या वेष्टनात) डोळा घडत असताना ऊब लागली, तर डोळा खरबरीत होतो. दुसऱ्याच वेळी लागली, तर दुसराच अवयव बिघडतो. जनुक तेच, ऊबही तेवढीच. कधी लागली, त्यावर ठरतं. लोक म्हणतात ना, सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर सगळं लिहून जाते? जनुक तसं नाही. लिहिलेलं असतं, पण वाचलं कसं जाईल ते आजूबाजूला काय चाललंय त्यावरही असतं."

झेलम नखानं फरशी खरवडत म्हणाली, "मग पाटणकरांचा राग?"

"त्याचं एकच असं जनुक मला माहीत नाही, आणि रागासारखी गोष्ट एकाच जनुकावर चालतही नाही. माशी वेगळी, माणूस वेगळा. पण 'रक्तातच आहे' म्हणून हात झटकणाऱ्याला मी माशीघरात घेत नाही."

"मला घेतलंत."

"तू कुठं झटकलेस? दुसरे झटकत होते."

भोपळ्या खाकरला. त्याला घसा नव्हता, पण तो खाकरायचा.

"आपल्याला याचा उपयोग काय माहीत आहे?" आजी म्हणाल्या. "अजून काही वर्षांनी ध्रुववाडीत बाळं जन्मतील. इथं वजन कमी. त्यांचे चेतातंतू नीट घडतील का, काळजी नेमकी कोणत्या वेळी घ्यायची, हे आधी कोणीतरी सांगायला हवं. माशीची पुष्कळशी जनुकं आपल्यासारखीच आहेत, आणि ती दहा-बारा दिवसांत अंड्याची मोठी होते. म्हणून विचारायचं तिला."

"मी विचारू?"

"चुळबूळ न करता?"

"चुळबूळ करीनच. पण बघीनही."

आजी हसल्या. झेलमनं परातीतली बाटली उचलली. तळ आता गार झाला होता. काचेवर एक जाडसर माशी सरसर खाली उतरत होती. ती खाण्यावर पोचली, थबकली, मागचा भाग वाकवून टेकवला आणि पुढं सरकली. तिच्यामागं खाण्यात पांढुरका, तीळभरही नसलेला एक ठिपका रुतलेला होता.

"आजी, अंडं."

झेलमनं पुढं केलेलं भिंग आजींनी नाकारलं, नुसत्या डोळ्यांनी वाकून बघितलं. त्यांना ते दिसलं की नाही कोण जाणे.

"चला," त्या म्हणाल्या, "वाण चालू. आणि तुझ्या प्रयोगाची पहिली अळी उद्या यातून बाहेर येईल. तिला कधी तापवायचं, ते आज बसून तू ठरव."