कडी वाजू दे

पानगळीत मोगरा फुलत नाही, एवढंच सांगायला पद्मजा दोन मजले उतरून खाली आली होती.

सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीच्या तळमजल्यावर पूर्वी दातांचा दवाखाना होता. डॉक्टर मुलाकडे परदेशी गेले आणि त्यांची रिकामी जागा 'सुका कचरा' नावाच्या एका बँडने सरावासाठी भाड्याने घेतली. दातांची खुर्ची मात्र फरशीत पक्की बसवलेली होती, ती काही निघेना. त्यामुळे कीबोर्ड वाजवणारा मुलगा तिच्यातच बसायचा. दारात अनोळखी मुलगी दिसल्यावर अनंतने, म्हणजे त्यांच्या गायकाने, गिटार खाली ठेवली.

"आवाज होतोय ना? कमी करतो. सॉरी हां."

"आवाजाचं काही नाही," पद्मजा म्हणाली. "मघापासून तुम्ही 'पानगळीत मोगरा' म्हणताय. मोगरा उन्हाळ्यात बहरतो. पानगळीत पांगारा फुलतो, काटेसावर फुलते. तेवढं सांगायचं होतं."

"काटेसावर मीटरमध्ये बसत नाही हो," खुर्चीतला मुलगा म्हणाला.

"मग मीटर बदला. झाड कसं बदलणार?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने खुर्चीचा खटका दाबला आणि पाठ सरळ करून नीट बसला, जणू वर्गात बाई आल्या होत्या.

"तुमचं नाव काय म्हणालात?"

"म्हणाले नाही."

मागे ड्रमवाला फिस्सकन हसला. पद्मजाही हसली — पण जिन्यात पोचल्यावर, कुणाला दिसणार नाही अशा बेताने.

त्या मुलाचं नाव मच्छिंद्र. घर विश्रांतवाडीला. आजोबांची शेती होती, तिथे आता इमारती उभ्या होत्या, आणि शेवटच्या उरलेल्या तुकड्यावर त्याची आई अजून हट्टाने वांगी लावत असे. पद्मजा वनस्पतिशास्त्र शिकलेली, बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं, कोंब किती येतात ते मोजायचं, आणि ज्याने मोजलं त्यानेच खाली सही करायची. हे तिचं रोजचं काम. फावल्या वेळात ती कविता करायची, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. मच्छिंद्रने ते कसं काढून घेतलं कोण जाणे. दिवाळीनंतर बँडची गाणी तीच लिहू लागली, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. चाल आधी, शब्द मागून. मच्छिंद्र चाल गाऊन दाखवायचा, आणि ओळी रिकाम्या राहू नयेत म्हणून तोंडाला येईल ते म्हणायचा. त्याला ते 'डमी' म्हणत. नंतर पद्मजाने त्या मापाचे खरे शब्द बसवायचे आणि डमी फेकून द्यायची.

एका संध्याकाळी त्याने नवी चाल गायली.

"मंडईत गवार नाही, भेंडीच घे ना… भेंडीही निबर निघाली, सांगू कुणाला…"

पद्मजा हसून हसून दमली. मग चाल वळली, खाली उतरली, आणि तो हळूच म्हणाला, "कडी वाजू दे तुझी… मग निघतो मी."

ती हसायची थांबली. "हे काय?"

"डमी," तो पट्ट्यांकडे बघत म्हणाला. "माप कळावं म्हणून. तू बदल."

तिने बदलायचा खूप प्रयत्न केला. चांदणं घातलं, नदी घातली, शेवटी पांगाराही घातला. काहीच बसेना. ती साधी ओळ आपली तिथेच, कुणीतरी दाराशी उभं असावं तशी. शेवटी गवार-भेंडी काढून तिने बाकीचं सगळं गाणं लिहिलं आणि ती ओळ तशीच राहू दिली.

बँडने गाणं नेटवर टाकलं आणि ते गाजलं. रिक्षात लागलं, कॉलेजच्या कट्ट्यावर लागलं, मुलींच्या मोबाईलवर लागलं. आणि सगळ्यांच्या तोंडी होती ती एकच ओळ.

मग एका म्युझिक कंपनीचे श्रीधर सर भेटायला आले. मृदू बोलणारे, चहा फुंकून पिणारे गृहस्थ. त्यांनी समजावून सांगितलं. रेकॉर्डिंग बँडचं. चाल ज्याने बांधली त्याची. शब्द ज्याने लिहिले त्याचे. ज्याचं नाव लागेल त्याचा हक्क, आणि तो त्याच्या हयातीत तर राहतोच, शिवाय पुढे साठ वर्षं.

"शब्द सगळे तुमचेच ना, मॅडम?" त्यांनी विचारलं. "तशी हमी द्यावी लागते. कुणाचं काही घेतलेलं नाही ना?"

पद्मजाने मच्छिंद्रकडे पाहिलं. तो कपात काहीतरी पडल्यासारखा चहात बघत होता. अनंत कौतुकाने तिच्याकडे बघत होता. 'एक ओळ माझी नाही', एवढंच म्हणायचं होतं.

"हो," ती म्हणाली. "सगळे माझेच."

सह्या पुढच्या सोमवारी ठरल्या. ती वर आली, आरशासमोरून गेली आणि मान वळवून गेली. आपण मेल्यावरही साठ वर्षं ती ओळ आपली राहणार होती.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिच्या वरिष्ठ कुसुम मॅडम तिच्या टेबलाशी येऊन थांबल्या. कडक बाई, कधी कुणाचं कौतुक करत नसत.

"गाणं ऐकलं तुझं. बाकी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण ती कडीची ओळ… आमचे हे गेल्यापासून दार लावताना मला रोज वाटतं, खाली कुणीतरी थांबलंय. तुला कसं गं सुचलं?"

पद्मजाच्या हातात चिमटा होता. त्यातलं बी खाली पडलं. ती वाकून ते शोधत राहिली, लागेल त्याहून जास्त वेळ. या टेबलावर तिने दुसऱ्याने मोजलेल्या एका कोंबावरही कधी सही केली नव्हती.

संध्याकाळी सराव संपून बाकीचे गेले, तरी ती दवाखान्यात थांबली. मच्छिंद्र नेहमीप्रमाणे वायरी गुंडाळत होता.

"करारात शब्दांना तुझंही नाव लावायचं," ती म्हणाली.

"कशाला? चालीला लावलंय की."

"ती ओळ तुझी आहे."

"डमी होती ती. डमीला कुठं नाव असतं? उद्या गवार-भेंडीचाही हक्क मागू का?"

"चेष्टा नको. मी त्या माणसासमोर खोटं बोलले. तू समोर बसला होतास."

"मी काही बोललो का?"

"तेच विचारतेय. का नाही बोललास?"

त्याने वायर कोपरावरून गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "तुला दिली ओळ. दिलेलं परत घ्यायची पद्धत नाही आमच्यात."

"मला दान नकोय, मच्छिंद्र."

"दान…" तो एवढंच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "बरं. जा वर. पाऊस येतोय."

ती तरातरा वर गेली. दार ढकललं आणि तशीच कॉटवर बसली. बाहेर भुरभुर सुरू झाली होती. थोड्या वेळाने उठून तिने माठातलं पाणी घेतलं, आणि पेला तोंडाशी नेताना तिला वाटलं, काहीतरी राहिलंय. रोज पाणी पिताना काहीतरी ऐकू येतं. आज नाही आलं.

स्कूटर.

रोज ती पेला भरायची तेव्हाच खाली त्याची स्कूटर सुरू व्हायची. आज खाली नुसता पाऊस.

तिने दाराकडे पाहिलं. कडी लोंबत होती. रागाच्या भरात लावायचीच राहिली होती. जुनी कडी ती. हिसका दिल्याशिवाय बसत नसे, आणि बसली की सगळ्या जिन्यात घुमे. पहिल्या मजल्यावरच्या मालकीणबाई, मथुराकाकू, तर म्हणायच्या, "तुझ्या कडीवर आम्ही कुकर लावतो."

पद्मजा उठली आणि तिने कडीला हिसका दिला. खण्‌कन आवाज झाला.

खाली स्कूटरला किक बसली.

ती दाराला पाठ टेकून खाली बसली. मनात पहिली आली ती लाज. ज्या ओळीवर आपण सही करायला निघालो होतो, ती आपल्याला वाचतासुद्धा आली नव्हती.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, ही तिची शिस्त. दुसऱ्या संध्याकाळी वर येऊन तिने मुद्दाम कडी लावली नाही. पाणी प्यायली, केस सोडले, पुन्हा बांधले. खाली शांतता. मग ती अनवाणी जिना उतरली. तो शेवटच्या पायरीवर बसला होता, हेल्मेट मांडीवर. तिला पाहून धडपडत उठला.

"कडी मोडली का?"

"नाही."

"मग लावली का नाही?"

"बघत होते, किती वेळ थांबतोस."

त्याचा चेहरा पडला. अंधारातही तिला ते कळलं.

"पद्मजा, तसं काही नाही… म्हणजे पाळत वगैरे ठेवत नाही मी. जिन्यात दिवा नसतो, म्हणून पहिल्यांदा सहज थांबलो. मग सवयच लागली." त्याने हेल्मेटचा पट्टा ओढला. "सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, याला कुणी पहारा द्यायला सांगितलाय. गाण्यात म्हणून गेलो, आणि तू एकदम हसायची थांबलीस… लाजच वाटली. म्हणून डमी म्हणालो."

"आणि मला लाज वाटली, की एवढी साधी ओळ मला सुचली नाही. म्हणून माझी म्हणाले." ती एक पायरी खाली आली. "मी ती खोडायला बसले होते रे. नदी घालत होते त्या जागी."

"नदी बरी होती."

"नव्हती."

"नव्हती," त्याने कबूल केलं. पावसाचं पाणी पन्हळीतून टपटपत होतं. तो हळूच म्हणाला, "पण नाव लावलंस तर सगळ्यांना कळेल. आमची आई विचारील, कुणाची कडी म्हणून."

"मग काय सांगशील?"

"हाय एक, म्हणीन. मोगऱ्यावरून भांडणारी."

सोमवारी श्रीधर सरांनी कागद पुढे सरकवले. पद्मजाने पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"शब्दांना दोन नावं लावा. माझं आणि मच्छिंद्रचं."

"गेल्या वेळी तुम्ही म्हणालात, सगळे तुमचे."

"खोटं बोलले होते."

अनंत तिच्याकडे असा बघू लागला, जणू ती कुणी दुसरीच होती. तिला वाटलं, उठून जावं. पण ती बसून राहिली.

"हे बघा," श्रीधर सर म्हणाले, "शब्दांवरून वाद असेल तर कंपनी गाणं घेणार नाही. बँडचं नुकसान होईल."

"वाद नाही," मच्छिंद्र घाईने म्हणाला.

"मग नीट सांगा. कडीची ती ओळ नक्की कुणाची?"

पद्मजाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने या वेळी मान खाली घातली नाही.

"ओळ याची," ती म्हणाली. "कडी माझी."

श्रीधर सरांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चहा फुंकला, आणि काही न विचारता दुसरं नाव लिहून घेतलं.

"म्हणजे रोज वायरी गुंडाळायला तुला एवढा वेळ…" अनंतने मच्छिंद्रला विचारलं.

"गप रे," मच्छिंद्र म्हणाला.

त्या संध्याकाळी पद्मजा वर आली. दार उघडंच ठेवून तिने चहाचं आधण ठेवलं, दोन माणसांचं. मग जिन्याच्या कठड्याशी जाऊन कान दिला. खाली स्कूटर गप्प होती. तिने खाली वाकून हाक मारण्याआधीच मधल्या मजल्यावरून मथुराकाकूंचा आवाज आला.

"आज कडी नाही का गं? आमचा कुकर खोळंबलाय."

"लावून टाका, काकू," पद्मजा म्हणाली. आणि मग जरा हळू, अंधाराकडे बघत — "ये वर."