शर्यतीचा मॅप

रिझवानचं गॅरेज वसमतहून औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाव संपता संपता. टर्बो गाडीचं इंजिन लॅपटॉपवर जुळवून देणारा आसपास तो एकटाच. दिवस हळद शिजवायचे होते. शेताशेतांत चुली पेटलेल्या, आणि त्या ओलसर, मातकट वाफेचा वास पान्यांपासून चहापर्यंत सगळ्याला लागलेला.

अशा एका दुपारी कोमल लाल गाडी घेऊन आली. गाडी रिझवाननं लांबूनच ओळखली. तिच्या भावाची, बालाजीची. बालाजी रिझवानचा जिवाभावाचा दोस्त. ही गाडी शर्यतीत उतरवायची म्हणून तो कितीदा मागं लागला होता, आणि रिझवान दर वेळी म्हणायचा, "पाऊस उघडू दे, मग करू." पाऊस उघडला, आणि बालाजी तापाचं निमित्त होऊन गेला.

"रिझवानभाई," कोमल म्हणाली, "नांदेडकडं मातीवरची शर्यत हाय. मी उतरणार. पण आईला दवाखान्यात न्यायला पण हीच गाडी. दोन्ही जमंल का?"

"जमंल. दोन मॅप टाकू."

मॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला दिलेला हुकूम. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, टर्बोनं हवा किती दाबायची. एक मॅप रस्त्याचा, गरीब गायीसारखा. दुसरा शर्यतीचा. स्टिअरिंगजवळ एक बटण, ते दाबलं की गाडीचा स्वभाव पालटायचा. रिझवाननं जीव ओतून काम केलं. दोस्ताला द्यायचं राहिलं, ते निदान त्याच्या बहिणीला द्यावं, एवढंच मनात होतं.

चाचणीला दोघं कालव्याकाठच्या सरळ रस्त्यावर गेले. कोमल चालवत होती, तो शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. रस्त्याचा मॅप बिनतक्रार चालला. मग त्यानं बटण दाबलं.

इंजिनाचा आवाज खोल गेला. पाय दिल्यावर टर्बोला दम भरायला जरा वेळ लागतो, कुठल्याही गाडीत लागतो. इथं तो लागलाच नाही. आपला हात बसला म्हणून रिझवान खूश झाला. मग त्याची नजर पडद्यावर गेली.

ॲक्सिलरेटर किती दाबला ते दाखवणारी रेघ आधी चढत होती. कोमलचा पाय त्यानंतर खाली जात होता.

त्यानं गाडी थांबवायला लावून लॅपटॉपची केबल बदलली. पण बदलताना त्याला वाटतच होतं, खराब केबल उशीर करते, घाई कशी करेल?

पुन्हा गाडी पळवली. गिअर बदलायच्या आधी रेघ दोनदा चटचट उडाली. लगेच कोमलच्या पायानं ॲक्सिलरेटरला दोन टिचक्या दिल्या.

"असं काहून केलंस?"

"काय?"

"पायानं दोनदा."

"मी कुठं केलं?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. "ही तर दादाची खोड हाय."

ती खोड रिझवानलाही ठाऊक होती.

"अजून एकडाव बघू," कोमल म्हणाली.

या खेपेला गाडी सुसाट सुटली. रस्ता मोकळा. एकाएकी पडद्यावर ब्रेकची रेघ उभी चढली.

कोमलचा पाय ॲक्सिलरेटरवरच होता.

ब्रेकचं पेडल आपोआप खाली गेलेलं रिझवाननं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. टायर किंचाळले. गाडी थांबली.

आणि तेव्हा कुठं उसाच्या आडून एक ट्रॅक्टर रस्त्यावर आला.

कोमल हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दादा शिकवून राहिला मला. बघितलं ना तुमी?"

गॅरेजवर येताच रिझवाननं शर्यतीचा मॅप गाडीतून पुसून टाकला. कोमलनं त्याचा हात धरला. "राहू द्या हो. पाया पडते तुमच्या."

"न्हाई कोमल. ह्यात माझी अक्कल चालत न्हाई. उद्या त्यानं ब्रेक न्हाई दाबला तर?"

तिनं हात सोडला, किल्ली उचलली. "त्याला पण तुमी तवा करून न्हाईच दिलं," एवढंच बोलून ती गेली.

शर्यत झाली. कोमल उतरली नाही. काम करता करता तिचं वाक्य आठवलं की रिझवानचा हात थांबायचा. मॅपची प्रत लॅपटॉपवर होती, परत टाकता आली असती. पण आज फोन करू, उद्या करू, असं म्हणत तेही राहून गेलं.

पुढं एका सोमवारी तो कामानं औंढ्याला गेला. देवळाबाहेर, फुलांच्या दुकानापाशी लाल गाडी उभी होती. कोमल कुठं दिसली नाही. मागच्या सीटवर बालाजीची आई, जिवनबाई, एकट्याच बसल्या होत्या.

"काकू, गाडी बराबर चालते ना?"

"चालते बाबा. पोरगी लई सावकाश आणती." त्यांनी आवाज खाली आणला. "पण तुझ्याकडून गाडी आणली तवापासून बालाजी रुसलाय. आधी पुढं बसायचा, तिच्याशी बडबडायचा. आता मागं माझ्यापाशी येऊन बसतो. बोलतच न्हाई."

"मी परत टाकून देतो मॅप," रिझवान म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

जिवनबाईंनी पदर आवरला. प्रसादाची पिशवी मांडीवर घेतली, आणि अंग चोरून खिडकीकडे सरकल्या.

शेजारच्या रिकाम्या जागेवरची गादी हळूहळू खाली दबली, आणि तशीच राहिली.