चार प्लगांची अदलाबदल

"डावीकडे फिरव, डावीकडे! उजवीकडे फिरवलास तर आणखी घट्ट होईल!" आजोबा म्हणाले.

"डावीकडेच फिरवतोय! हा हलायलाच तयार नाही!" बोका दात-ओठ खात म्हणाला. पिकअपचं बॉनेट उघडं होतं आणि तो इंजिनवर पार ओणवा झाला होता.

"रोज दोन वाट्या साय चाटतोस ना? मग लाव की जोर!" वकील ओरडला.

सायीच्या याच वेडापायी बारा वर्षांच्या त्या मुलाला सगळे बोका म्हणत.  आई आणि आजोबांबरोबर तो रोपवाटिकेतच राहायचा. सुट्टीत त्याची मामेभावंडं यायची, तेरा वर्षांची ताई आणि तिचा धाकटा भाऊ. बोक्याची आई ही त्यांची आत्या. या धाकट्याने प्रश्न विचारून इतक्या लोकांना भंडावून सोडलं होतं, की शाळेपासून घरापर्यंत त्याचं नाव वकीलच पडलं होतं.

कट्‌! पाना एकदम सैल झाला आणि बोका बंपरवर आपटता आपटता वाचला.

"निघाला!" आजोबांनी प्लग हातात घेतला. त्याच्या टोकावर काजळी धरली होती आणि ठिणगी पाडणारी बारीक दांडी झिजून गोल झाली होती. "बघा, याच्याकडून ठिणगी नीट पडत नाही. मग पेट्रोल अर्धवट जळतं आणि इंजिन धक्के खातं."

आजोबांची शिकवण कडक होती. एका वेळी एकच वायर काढायची. प्रत्येक वायरीला नंबराची चिठ्ठी. प्लग काढण्याआधी सायकलच्या पंपाने भोवतालची धूळ उडवायची, नाहीतर ती थेट इंजिनच्या पोटात जाते. नवा प्लग आधी बोटांनीच फिरवायचा.

"पान्याने लवकर होईल की!" वकील म्हणाला.

"आटे नीट बसले की नाही ते बोटाला कळतं. पाना नुसती जबरदस्ती करतो."

नव्या प्लगच्या फटीत पातळ पत्ती घालून अंतर मोजायचं होतं. ते आजोबांनी ताईला दिलं. "तू बघ गं. माझा चष्मा आत राहिलाय."

"आजोबा, चष्मा तर तुमच्या नाकावर आहे!" वकील हसत सुटला.

आजोबाही हसले, पण जरा उशिराच. "हा लांबचा आहे," ते म्हणाले.

चारही प्लग बसले. ताईने वायरी एकत्र घेऊन सुतळीने बांधल्या आणि वर फुलपाखरासारखी गाठ मारली. जुने प्लग पुसून शेडमधल्या डब्यात ठेवले. आजोबांनी किल्ली फिरवली, आणि इतके दिवस खोकत असलेली ती म्हातारी गाडी एका लयीत घुमू लागली.

"वा! उद्या सकाळी शाळेची रोपं पोचवून येऊ," आजोबा म्हणाले. "तुम्ही तिघंही चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या बाजारात खत आणायला गेली होती. तिची वाट न बघता आजोबांनी गाडी काढली. मागे रोपांच्या कुंड्या, पुढे तिघं दाटीवाटीने. रस्ता सपाट होता तोवर सगळं ठीक वाटत होतं. चढ लागला तसे गाडीला धक्के बसू लागले.

"हे काय?" बोका म्हणाला. "प्लग तर नवे आहेत!"

 आजोबांनी गिअर उतरवला. गाडी फुरफुरली, थरथरली आणि ऐन वळणावर, रस्त्याच्या मधोमध, बंद पडली.

किल्ली फिरवली. नुसतीच घरघर. पुन्हा फिरवली. पुन्हा घरघर. तेवढ्यात वरच्या बाजूने, वळणाच्या कडेने, एक भरलेला ट्रक खाली येताना बोक्याला दिसला.

"आजोबा, ट्रक!"

"कुठे?" आजोबा म्हणाले.

बोक्याला आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. एवढा मोठा ट्रक! समोरच्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात स्वच्छ दिसत होता. ट्रकचा हॉर्न कर्कश वाजला तेव्हा कुठे आजोबांनी तिकडे मान वळवली.

"ब्रेक सोडा आजोबा, मागे घ्या!" ताईने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "मागे मोकळं आहे! माझ्या बाजूला वळवा! अजून! अजून थोडं! बास!"

पिकअप घरंगळत रस्त्याच्या कडेला गेली. ट्रक धूळ उडवत घासूनच पुढे गेला. तडाक् आवाज झाला आणि आजोबांच्या बाजूचा आरसा रस्त्यावर पडून त्याचा चुरा झाला.

 मागे एक कुंडी कलंडली होती, तिच्यातली माती सांडत होती. आजोबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. वकिलाला एकही प्रश्न सुचला नाही.

बऱ्याच वेळाने इंजिन कसंबसं सुरू झालं. उतारावरून, खोकत खोकत, गाडी घरी आली.

फाटकात आत्या उभी होती. तिने आरशाची रिकामी जागा पाहिली, मग तिघांकडे पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली. "मुलं गाडीत होती?" एवढंच ती म्हणाली आणि तिने बोक्याला इतकं घट्ट धरलं की त्याला श्वास घेता येईना.

जरा वेळाने ती आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, नवे प्लग घालूनही असं होतंय, म्हणजे इंजिनच गेलंय. विकून टाकूया आता ही गाडी."

आजोबांनी बॉनेटवरून हात फिरवला. "बघू," म्हणाले आणि आत जाऊन पडले.

"मला हे पटत नाही," बोका शेडमागे येऊन म्हणाला. "काल आवाज कसला सुरेख होता! एका रात्रीत इंजिन कसं जाईल?"

"उघडून बघूया," ताई म्हणाली.

इंजिन गार झाल्यावर त्यांनी शेडमध्ये उभ्या गाडीचा पहिल्या नंबराचा प्लग काढला आणि तिघंही बघतच राहिले. झिजलेली गोल दांडी. काजळी!

"हा जुना आहे!" ताई किंचाळलीच. "मी स्वतः पुसून डब्यात ठेवला होता!"

दुसरा काढला, तिसरा काढला, चौथा काढला. सगळे जुने! डबा पाहिला, तर तो रिकामा.

"नवे प्लग चोरीला गेले!" बोका म्हणाला.

"थांब." वकील आता पुन्हा वकील झाला होता. "चोर नवे प्लग घेऊन सरळ पळून जाईल. जुने परत बसवायची मेहनत कशाला करेल?"

"म्हणजे त्याला प्लग नकोच होते," ताई सावकाश म्हणाली. "त्याला गाडी बिघडलेली हवी होती."

बोका मात्र हातातल्या सुतळीकडे बघत होता. "ताई, तू फुलपाखराची गाठ मारली होतीस ना? ही मी आत्ता सोडली, ती चपटी होती. शिवाय वायरी बरोबर नंबराने लावल्यात आणि प्लगभोवती धुळीचा कण नाही. हे काम शिकलेल्या माणसाचं आहे." त्याचा आवाज खाली आला. "आजोबा अशीच गाठ मारतात."

"पण आजोबा कशाला असं करतील?"

"मुद्दाम नाही. विसरून..." बोका सुतळी बोटाभोवती गुंडाळू लागला. "सकाळी त्यांना ट्रक दिसला नाही. मी त्यांच्या शेजारीच होतो. ते 'कुठे' म्हणाले."

 हा खेळ राहिला नव्हता. कुणीतरी केलेल्या या अदलाबदलीमुळे ते मरता मरता वाचले होते, आणि तो कुणीतरी घरातलाच होता.

"शोधायचंच," शेवटी ताई म्हणाली. "जुने प्लग होते तसेच बसवून ठेवू. ज्याने हे केलं, त्यालाच ते पुन्हा बदलायला लावू."

जेवताना वकिलाने भात कालवता कालवता सहज म्हटलं, "संध्याकाळी कोपऱ्यावरचे मिस्त्री आले, तर इंजिन खरंच गेलंय का ते सांगतील. पहिल्यांदा प्लगच काढून बघतील, नाही का आजोबा?"

"पहिल्यांदा प्लगच," आजोबा म्हणाले आणि खाली मान घालून जेवत राहिले. आत्या पाणी आणायला उठली.

दुपारी सगळीकडे सामसूम झाली. आजोबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिघं शेडमध्ये रिकाम्या कुंड्यांच्या चळतीमागे बसले. वकिलाला शिंक येत होती आणि ताईने त्याचं नाक चिमटीत धरून ठेवलं होतं.

पावलं वाजली. बॉनेट करकरलं. सायकलच्या पंपाचा फुस्स फुस्स आवाज आला.

बोक्याने फटीतून पाहिलं. लांब दांड्याचा पाना सराईत हाताने फिरत होता. पदर कमरेला खोचलेला होता. नवे चार प्लग रुमालात गुंडाळून आणलेले होते आणि ती त्यातला एक बोटांनी, अगदी हळुवारपणे, आत फिरवत होती.

बोका उठून उभा राहिला. दोन कुंड्या खाली पडून फुटल्या.

"आई?"

आत्या दचकून मागे वळली. पाना हातातून निसटला. मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून ती काही सबब सांगायच्या भानगडीत पडली नाही. एका पालथ्या कुंडीवर ती मटकन बसली.

"तुला प्लग बदलता येतात?" वकिलाच्या तोंडून निघून गेलं.

"तुमच्याएवढी होते तेव्हा बाबांनीच शिकवलं, वायरींची गाठ मारण्यापर्यंत सगळं," ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला वेगळं बोलावून सांगितलं होतं, की आजोबांची नजर दोन्ही कडांनी विझत चालली आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही. गाडी चालवणं ताबडतोब बंद करायला हवं.

"मग त्यांना सांगायचं ना!" ताई म्हणाली.

"डॉक्टरांनी त्यांनाही सांगितलं होतं. ते नुसतं 'बरं' म्हणाले आणि घरी येऊन किल्ली फिरवली. कितीदा तोंडाशी आलं माझ्या! पण सगळा जन्म त्या गाडीवर गेला त्यांचा. वाटलं, नवे प्लग घालूनही ती धक्केच खातेय असं दिसलं, तर आपणहून सोडतील. मला काही बोलावं लागणार नाही. धक्के बसताच ते फाटकातूनच परत फिरतील असं वाटलं होतं मला."

"पण ते परत फिरले नाहीत, आई," बोका म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आणि गाडी चढावर बंद पडली. आम्ही आत होतो."

आत्याने तोंडावर हात धरला. तिला हुंदका आवरेना. ताई तिच्याजवळ जाऊन बसली.

"आत्या, आता सांगायलाच हवं. तू एकटी नको. आपण सगळे जाऊ."

"जायची गरज नाही," दारातून आवाज आला.

आजोबा उभे होते. कुंड्या फुटल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता आणि त्यापुढचं सगळंही. चौकट हाताने चाचपत ते आत आले.

"मला ट्रक दिसलाच नाही," ते म्हणाले. "हॉर्न ऐकला म्हणून कळलं. मागे काय आहे तेही दिसत नव्हतं. या पोरीच्या आवाजावर मी गाडी मागे घेतली. सकाळपासून तेच डोळ्यांसमोर येतंय." ते आत्याकडे वळले. "प्लग बदलून तू चुकलीस. फार मोठी चूक केलीस. पण मी त्याहून मोठी केली. मला ठाऊक होतं, तरी मी या तिघांना शेजारी बसवलं."

 आजोबांनी खिशातून किल्ली काढली. ती क्षणभर मुठीत धरली आणि मग आत्याच्या तळहातावर ठेवली.

"गाडी विकायची नाही. इंजिन ठणठणीत आहे. चालवणारा बदलायचा." मग ते मुलांकडे बघत म्हणाले, "जे आम्हा दोघांना एकमेकांना सांगायचा धीर झाला नाही, ते तुम्ही बाहेर काढलंत. कुणी शोधलं हे?"

"बोक्याने तुमची चपटी गाठ ओळखली!" ताई म्हणाली. "आणि सापळा वकिलाचा."

"अगं बाई, आणि ते मिस्त्री?" आत्या डोळे पुसत गडबडीने उठली. "ते यायची वेळ झाली असेल!"

"कुणी येणार नाही," वकील गंभीरपणे म्हणाला. "मी खोटं बोललो नाही हं. 'आले, तर' असं म्हणालो होतो."

त्या दिवसात पहिल्यांदाच सगळे हसले. आजोबासुद्धा.

उरलेले प्लग आत्याने आणि बोक्याने मिळून बसवले. आजोबा बाजूला उभे राहून कान देऊन ऐकत होते. दुसऱ्या दिवशी नवा आरसा लागला. आत्या स्टिअरिंगवर बसली. आजोबा गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, दाराची कडी हाताने शोधली आणि शेजारच्या सीटवर बसले. त्या बाजूने ते कधीच बसले नव्हते. हातांचं काय करावं हे त्यांना कळेना, म्हणून बोक्याने रोपांचा एक ट्रे त्यांच्या मांडीवर दिला.

चढ आला. इंजिनने एकदाही धक्का खाल्ला नाही.

शाळेच्या फाटकात पहारेकरी वाट बघत होता. त्याने आजोबांना पलीकडच्या दाराने उतरताना पाहिलं. "काय हो, आज ड्रायव्हर बदलला?" त्याने विचारलं.

आत्याचा चेहरा एकदम उतरला. तिने आजोबांकडे पाहिलं.

आजोबांनी ट्रे सांभाळत पाठ ताठ केली. "बदलला," ते म्हणाले. "ही माझी मुलगी. आजपासून गाडी तिची. आणि मागे बसलेत ना, ते आमचे तीन मेकॅनिक. त्यांच्या हाताखाली मी काम करतो."