एकवीस मिनिटांची शांतता

वहिनींचे कान असे, की पलीकडच्या गल्लीत डासाला शिंक आली तरी त्या इथून म्हणायच्या, "जप रे बाबा." रेडिओच्या ध्वनिमुद्रण विभागात तीस वर्षं काढलेली बाई. निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर पाटी लावली: 'खासगी तपास. आधी ऐकून घेऊ.'

त्यांचे धाकटे दीर त्यांचे मदतनीस. वहिनी त्यांना भाऊजी म्हणायच्या, म्हणून सगळं गाव भाऊजी म्हणायचं. माणूस सोन्यासारखा, फक्त ऐकलेली गोष्ट त्यांच्या डोक्यात पोचायला वाटेत एक मुक्काम लागायचा.

मंगळवारी दुपारी पाटी वाचून कॉलेजचे उपप्राचार्य आत आले. इस्त्रीचा कोट आणि त्याहून कडक इस्त्रीचं हसू.

"पाच मिनिटांचं काम आहे, मॅडम. आमच्या कॉलेजची माहिती देणारी फिल्म करतोय. त्यासाठी सुतारकाम शिकवणाऱ्या मास्तरांची मुलाखत घेतली, कँटीनमध्ये. मास्तर एकवीस मिनिटं बोलले आणि रेकॉर्डिंग कोरं निघालं. आवाजाचं काम एका विद्यार्थिनीकडे होतं. तिनं आवाजाची पातळी शून्यावर ठेवली."

"मास्तरांना परत बोलवा की," भाऊजी म्हणाले.

"दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं. आता ते कधीच बोलणार नाहीत." उपप्राचार्यांनी मोजून दोन सेकंद मान खाली घातली. "आणि ही मुलगी माफीनाम्यावर सही करत नाही. उद्या अकरापर्यंत सही नाही, तर कॉलेजातून नाव कमी. तुम्ही जाणकार म्हणून दोन ओळी लिहून द्या, की चूक तिचीच. मग वठणीवर येईल."

"तुमचं काही वाकडं आहे तिच्याशी?"

"छे. मी तर त्या दिवशी कँटीनकडे फिरकलोही नाही." त्यांनी रेकॉर्डरचं कार्ड टेबलावर ठेवलं. "ऐकण्याचीही तसदी घेऊ नका. काही नाहीच त्यात."

ते गेल्यावर वहिनींनी ती तसदी अख्खी एकवीस मिनिटं घेतली. मग हेडफोन भाऊजींच्या डोक्यावर चढवला.

"काय ऐकू येतं?"

"काही नाही."

वहिनींनी आवाजाचं बटण पार टोकापर्यंत फिरवलं. "आता?"

"घरघर. कुणीतरी घोरतंय."

"फ्रिज आहे तो. आणि हे शेवटी शेवटी?"

"लांबून काहीतरी किणकिणतंय. सायकलची घंटा दाबून कुणी तसंच झोपी गेल्यासारखं."

"चपला घाला भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "पोरीला भेटू."

पोरगी कॉलेजच्या फिल्मच्या खोलीत वायरी गुंडाळत बसली होती. मूठभर जीव, पण सगळे तिला लवंगी म्हणायचे, आणि ते नाव कुणी उगाच ठेवलं नव्हतं.

"सही करणार नाही," ती मान वर न करता म्हणाली.

"मी अजून काही विचारलंच नाही."

"सगळे तिथूनच सुरू करतात, काकू. तुमचा वेळ वाचवला."

वहिनी तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. "फिल्म ठरली तेव्हापासून सांग. सगळं."

लवंगीनं सांगितलं. शूटिंगच्या आधी बैठक झाली. कुठला प्रसंग कुठं, कोण काय बोलणार, सगळं कागदावर उतरलं. तेव्हा तिनं सगळ्यांना आवाजाचं गणित समजावलं. माइक तोंडापासून वीतभर लांब. रेकॉर्डरवर आवाजासरशी उडणारी पातळीची पट्टी सतत डोळ्यासमोर. चित्र आणि आवाज जुळायला सुरुवातीला एक टाळी. आणि प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, एका खोलीची दुसरीला चालत नाही.

"सगळे जांभया देत होते. एकटे उपप्राचार्य सर वहीत लिहून घेत होते."

"आणि मुलाखतीच्या दिवशी?"

तिनं खिशातून छोटी वही काढली. 'दहा दहा, सुरू. पातळी ठीक. कॅमेऱ्याचा कान चालू. दहा एकतीस, संपलं.'

"कॅमेऱ्याला कान?" भाऊजींनी विचारलं.

"कॅमेऱ्यालाही आपला एक बारीकसा माइक असतो, काका. आवाज ओबडधोबड येतो, फक्त जुळवाजुळवीपुरता."

"मग तोच ऐकवा ना सगळ्यांना. संपलं भांडण."

"कॅमेरावाले दादा म्हणतात, बंद होता. मी चालू पाहिला होता."

"नंतर रेकॉर्डर कुणाकडे गेला?" वहिनींनी विचारलं.

"मला तास होता. पिशवी दादांकडे दिली. त्यांनी साडेचारला उपप्राचार्यांच्या कपाटात जमा केली. वेळ घालून सही आहे नोंदवहीत."

"मास्तर काय बोलले गं?"

लवंगीनं वही मिटून खिशात टाकली. "हेडफोनमध्ये ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं. रेकॉर्डिंग सांगेल."

"आणि रेकॉर्डिंग मिळालंच नाही तर?"

"तर नाव कमी करू देत. दुसरीकडे शिकेन, नाहीतर कुठंच नाही शिकणार. पण न केलेल्या चुकीखाली माझं नाव मी माझ्या हातानं लिहिणार नाही."

वहिनींनी तिच्या हातातली वायर घेतली आणि उरलेले तीन वेढे स्वतः घातले. भाऊजींना ठाऊक होतं, वहिनी इतकी माया सख्ख्या नणंदेवरही करत नसत.

कॅमेरावाले दादा मागच्या व्हरांड्यात भिंग पुसत होते. चांगला दाराएवढा माणूस.

"त्या पोरीनं जीव नकोसा केलाय," ते म्हणाले. "पोट गुरगुरलं तरी 'थांबा' म्हणते. परवा मला म्हणाली, दादा, श्वास जरा हळू घ्या."

"कॅमेऱ्याचा आवाज चालू होता का?"

"बंद." भिंग केव्हाच लख्ख झालं होतं, तरी फडकं चालूच.

"मुलाखत ऐकलीत ना तुम्ही? मास्तर काय म्हणाले?"

"माझं लक्ष चित्रात असतं."

बाहेर पडताच भाऊजींनी वहिनींचा पदर ओढला. "हाच. खोटं बोलतोय. साडेदहापासून साडेचारपर्यंत रेकॉर्डर याच्याचकडे होता."

"खोटं तर बोलतोय," वहिनी म्हणाल्या. "पण खोटं बोलणारे सगळे एकाच कामासाठी बोलत नाहीत, भाऊजी."

कँटीनच्या मावशींनी न मागता चहा पुढं केला आणि न विचारता बोलायला लागल्या.

"गुणी आहे हो पोरगी. पण रेकॉर्डिंगला आली की आधी माझा फ्रिज बंद. म्हणते, मावशी, हा मध्ये मध्ये बोलतो. आणि स्वतःच्या स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते, दुधाच्या पिशव्यांवर."

"किल्ली कशाला?" भाऊजींनी विचारलं.

"फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून. किल्ली काढायला फ्रिज उघडावाच लागतो ना. मास्तरांच्या दिवशीही तेच. काम झाल्यावर किल्ली काढली, बटण दाबलं, आणि ती गारेगार किल्ली माझ्या मानेला लावून पळाली चावट."

"त्या दिवशी आणखी कोण आलं होतं इथं?"

"उपप्राचार्य. शेवटी शेवटी दारात उभे राहून ऐकत होते. मग चहा न घेताच गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा."

"कँटीन बंद कधी करता?"

"साडेचारला. किल्ली ऑफिसात देऊन जाते. आज तुमच्या गप्पांत पाच झाले बघा."

तेवढ्यात घंटा सुरू झाली आणि थांबेचना. भाऊजींचं बिस्किट चहात बुडालं ते वर आलंच नाही.

"दिवसभर नुसती टण् टण् असते," मावशी हसल्या. "पाचला मात्र शिपाई बटणावरचं बोट काढत नाही. त्यालाही घरी जायचं असतं. दिवसातून एकदाच अशी लांब."

वहिनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग उठल्या आणि एकट्याच कॅमेरावाल्या दादांकडे गेल्या. दोन मिनिटांत परत आल्या.

"काय बोललात?"

"तुम्ही उद्या ऐकालच," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अकराला प्राचार्यबाईंच्या खोलीत माफीनामा आणि पेन टेबलावर तयार होतं. लवंगी हाताची घडी घालून उभी. दाराशी कॅमेरावाले दादा कॅमेरा पोटाशी धरून. आणि खुर्चीत, गळ्याला मफलर गुंडाळून, सकाळीच हॉस्पिटलमधून सुटलेले सुतारमास्तर. घरी न जाता सरळ इथं आले होते.

"दोन ओळी आणल्यात?" उपप्राचार्यांनी विचारलं.

"आणल्यात. आधी ऐकवते." वहिनींनी टेबलावरच्या रेकॉर्डरमध्ये कार्ड लावलं आणि आवाज पार टोकाला नेला. खोलीभर घरघर पसरली. "हा कँटीनचा फ्रिज. आता मला सांगा, पातळी शून्याजवळ होती हे कबूल. पण ज्या माइकला खोलीच्या कोपऱ्यातला फ्रिज ऐकू आला, त्याला वीतभरावरचे मास्तर ऐकू येऊ नयेत?"

प्राचार्यबाई पुढं झुकल्या.

"दुसरं. मुलाखतीच्या वेळी फ्रिज बंद होता. पोरीची किल्ली आत गार होत होती, कँटीनच्या मावशी साक्षीला आहेत. म्हणजे ही शांतता मुलाखतीची नाहीच. खरी मुलाखत पुसून कुणीतरी नंतर, फ्रिज चालू असताना, रिकाम्या कँटीनची एकवीस मिनिटं त्या जागी भरली."

"हे दादाच करू शकतात," उपप्राचार्य म्हणाले. "दुपारभर रेकॉर्डर त्यांच्याकडे होता."

भाऊजींनी मान डोलावली, मग वहिनींकडे बघून ती मध्येच थांबवली.

"दादा प्रत्येक रेकॉर्डिंगला हजर असतात. फ्रिज बंद होतो हे त्यांना पाठ आहे. ते असते, तर त्यांनी आधी तो बंद केला असता. हे अशा माणसाचं काम, ज्यानं बैठकीत खोलीच्या शांततेचा धडा वहीत उतरवला, पण काम करताना पोरीला कधी नीट पाहिलं नाही. म्हणून शांतता आणायला बरोबर कँटीनमध्ये गेला आणि फ्रिजपाशी फसला." वहिनींनी रेकॉर्डिंग पुढं नेलं. लांबवर किणकिण सुरू झाली आणि होतच राहिली. "ही पाचची घंटा. मुलाखत संपली दहा एकतीसला. रेकॉर्डर जमा झाला साडेचारला, तुमच्या कपाटात. कँटीनची किल्लीही तेव्हापासून ऑफिसात. सर, रेकॉर्डिंगवर सकाळची वेळ पडावी म्हणून रेकॉर्डरचं घड्याळ तुम्ही मागं घेतलंत, छान घेतलंत. शिपायाचं बोट मागं घ्यायला विसरलात."

"आणि मी कँटीनकडे फिरकलोच नाही, त्याचं काय?"

"मी विचारण्याआधीच कोण कुठं नव्हतं हे सांगणारा माणूस मला आवडतो. तुम्ही दारात उभे होता. चहा न घेता गेलात, हे मावशी अजून विसरल्या नाहीत."

"पण मला मास्तरांचा आवाज कशाला पुसायचाय?" उपप्राचार्यांचं हसू आता चुरगळलं होतं. "मास्तर काय म्हणाले हे कुणाला माहीत आहे?"

"मला," दाराशी दादा म्हणाले. "कॅमेऱ्याचा कान चालू होता. मी खोटं बोललो. त्यात शेवटी मीही बोललोय, आणि ते सरांबद्दल आहे. नोकरी जाईल म्हणून दडवलं. काल या बाई म्हणाल्या, मास्तरांचं शेवटचं बोलणं तुम्ही खिशात घालून फिरताय, जड होत नाही का? रात्रभर जड झालं."

त्यांनी बटण दाबलं. टाळी वाजली. मग लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा, घोगरा आवाज आला. दादांनी शेवटचा भाग लावला.

"...फिल्ममध्ये मुलींची सुतारशाळा दाखवताय. पुढच्या वर्षी ती बंद होतेय. ही नवी यंत्रं शूटिंगपुरती आणलीत, उद्या परत जातील. पोरींनो, ही फिल्म बघून येऊ नका. आणि आलात, तर शाळा उघडल्याशिवाय हलू नका."

मग अगदी जवळून, दादांचा आवाज: "बघा, दारातून पळाला नालायक."

प्राचार्यबाईंनी चष्मा काढला. "मला तुम्ही सांगितलं होतं की सुतारशाळेत मुलीच येत नाहीत." त्यांनी माफीनामा उपप्राचार्यांपुढं सरकवला. "नाव खोडा. तुमचं घाला. आणि पुढच्या वर्षीचं वेळापत्रक घेऊन या."

"बाई," लवंगी म्हणाली, "मास्तरांचं बोलणं फिल्ममध्ये राहणार."

"अगं, आवाज किती खराब आहे तो."

"खराबच राहणार. शाळा उघडा, मग पुढं तेही दाखवू. पण हे कापायचं नाही. कापायचं असेल तर माझं नाव आत्ता कमी करा."

मास्तरांनी टेबलावर बोटांच्या पेरांनी तीनदा ठोकलं. फळी पक्की आहे का पोकळ, हे ते आयुष्यभर असंच बघत आले होते.

"राहू दे," प्राचार्यबाई म्हणाल्या.

भाऊजी वहिनींना काहीतरी विचारणार होते. कालचा मुक्काम सोडून गोष्ट आत्ता कुठं डोक्यात पोचली होती. पण लवंगीनं रेकॉर्डर उचलून हेडफोन चढवला, माइक मास्तरांच्या मुठीपासून वीतभर लांब धरला आणि पातळीची पट्टी उपप्राचार्यांच्या तोंडासमोर केली.

"काका, श्वास जरा हळू. मास्तर, पुन्हा ठोका. आणि सर, तुम्ही बघा, पट्टी कशी उडते ते."