हिरवं बाळ आणि शबनमखालाचा साबण

“शबनमक्का! भाईर ये आदी! नातू हिरवा केलास माझा!”

धोंडुआजींचा आवाज गडहिंग्लजच्या एसटी स्टँडपर्यंत सहज गेला असता. त्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं सहा महिन्यांचं बाळ होतं. पोट हिरवं, हात हिरवे, कानाच्या पाळ्यासुद्धा हिरव्या! बाळाला त्याचं काही नव्हतं. ते मजेत मूठ चोखत होतं.

“उद्या जावळ हाय याचं! बिद्रीहून पावणं येणार हाईत. त्यास्नी काय सांगू, पोराची भेंडी झाली म्हणून?”

बाळाचा मोठा भाऊ राजवीर मागे उभा होता. तो फिसकन हसला आणि आजींनी वळून बघताच गप्प झाला.

बारा वर्षांची शाहिस्ता खिडकीतून बघत होती. तिला हसू आलं नाही, कारण हा सगळा दोष तिच्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या, माथी येणार होता. शबनमखाला घरीच साबण करायची आणि त्याला रंग द्यायची तो फक्त झाडपाल्याचा. हळदीचा पिवळा, रतनजोतीच्या मुळांचा जांभळा, पालकाच्या रसाचा हिरवा.

“पालकाचा रंग असा अंगाला बसत न्हाई, धोंडुआक्का,” खाला हळूच म्हणाली. “माझाच साबण व्हता का पण?”

“मग कुणाचा? सयाजीच्या दुकानातनं आणलाय. हे बघ, तुझा चाफ्याचा शिक्का!”

शिक्का खरोखरच खालाचा होता. खालाने तो साबण हातात घेऊन उलटसुलट केला आणि काही न बोलता परत दिला. तिथंच सगळं बिनसलं. गप्प बसलेल्या माणसाला लोक गुन्हेगारच समजतात!

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. संध्याकाळी बचत गटाच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. प्रदर्शनात या खेपेला साबण नको म्हणाल्या. खालाने साबणाचे लाकडी साचे फळीवरून उतरवले आणि पोत्यात भरले.

“बास झालं. रविवारी पुण्याला जाते काशिफकडं. कायमची. तुला वाटेत कबनूरला सोडते.”

काशिफ म्हणजे खालाचा एकुलता एक मुलगा. गेल्या वर्षी तो नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हापासून या घरात खाला एकटी होती. आणि कबनूरला काय होतं? शाहिस्ताचे अम्मी-अब्बा दोघंही यंत्रमागावर. सुट्टीभर बाहेरून कडी लावलेल्या खोलीत मागांची खडखड ऐकत बसायचं! मे महिन्यातलं खालाचं घर हीच तिची सुट्टी होती. आता तीही चालली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. बाहेर गल्लीत पोरं लगोरी खेळत होती, भांडत होती, एकमेकांना हाका मारत होती. शाहिस्ताला कुणी हाक मारली नाही. ती साबण वाळायला ठेवलेल्या आतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसायची. खाला भिंतीकडे तोंड करून पडायची. दोन माणसं एका घरात असूनही एकेकटी होती, आणि शाहिस्ताला रडावंसं वाटायचं, पण रडलं तर विचारायलाही कुणी नव्हतं.

शुक्रवारी दुपारी साखर संपली म्हणून ती सयाजीकाकांच्या दुकानात गेली.

“काय पावणीबाई, साखर का साबण?” काका स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले.

शाहिस्ताचं लक्ष भलतीकडेच होतं. दुकानाचं तोंड पश्चिमेला होतं. काचेच्या कपाटावर भगभगीत ऊन पडलं होतं आणि आत खालाचे साबण मांडले होते. हिरवेगार, पोपटासारखे!

पण हे कसं शक्य आहे? खाला साबण द्यायला यायची तेव्हा दर वेळी बजावायची, ‘सयाजीभाऊ, उन्हात ठेवू नगा, पाल्याचा रंग उडतो.’ घरी खिडकीत विसरलेला एक साबण आठवड्यात ताकासारखा पांढुरका झाला होता. मग इथले इतके हिरवे कसे?

ती पळतच घरी आली. खाला झोपली होती. इतकी मोठी गोष्ट सापडली आणि सांगायला कुणी नाही! शेवटी ती गल्लीच्या टोकाला गेली. तिथे राजवीर आणि शेजारची निशिगंधा लगोरी रचत बसले होते. तिला बघताच दोघं बोलायचे थांबले. तिथूनच परत फिरावं असं तिला वाटलं.

“आजीनं तुझ्याशी बोलायचं न्हाई म्हटलंय,” राजवीर जमिनीकडे बघत म्हणाला.

“मग बोलू नको. नुसतं ऐक!”

“ऐकायला बंदी न्हाई की!” निशिगंधाने फरशीचा तुकडा खाली टाकला. “सांग गं!”

शाहिस्ताने भराभर सगळं सांगितलं. राजवीरने न बोलायचं ठरवलं होतं, पण ते त्याला फार वेळ जमलं नाही.

“थांब! बाळाचा तो साबण अजून मोरीत पडलाय. आणू?”

साबण आला. खाला सुरीऐवजी तारेने साबण कापायची. शाहिस्ताने ती बारीक तार आणून साबणाभोवती फिरवली आणि दोन्ही टोकं ओढली. साबणाचे दोन तुकडे झाले.

“आयला!” राजवीर ओरडला.

कडेला झगझगीत हिरवी रेघ होती. तिच्या आत पांढुरका थर. आणि पार मधे मऊ, मातकट हिरवा रंग.

“मधला रंग खालाचा आहे,” शाहिस्ता म्हणाली. “साबण उन्हात राहिला म्हणून वरून फिका पडला. आणि मग कुणीतरी वरून रंगवला!”

“कुणीतरी म्हंजे सयाजीकाकानंच!” राजवीर म्हणाला.

“दाखवणार कसं? ‘मी न्हाई’ म्हणाले तर?” निशिगंधाने विचारलं.

तिघं डोकी जोडून बसले. मग निशिगंधा खालाच्या खिडकीतला तो पांढुरका साबण घेऊन दुकानात गेली. त्याच्या तळाला शाहिस्ताने खिळ्याने छोटी चांदणी कोरली होती.

“काका, हा साबण फिका निघाला की! बदलून द्या.”

“ठेव तिथं,” काका हिशेब करता करता म्हणाले. “उद्या सकाळी ये. चांगला गडद देतो.”

शनिवारी सकाळी राजवीरने आजींना गळ घातली. “आज्जे, सयाजीकाकाकडं लई झ्याक गूळ आलाय, चल की!” गुळाचं नाव काढल्यावर आजी कुठल्या थांबायला! त्या बाळाला काखोटीला मारून दुकानात आल्या. मागोमाग निशिगंधा आली आणि सगळ्यात शेवटी शाहिस्ता.

“हा घे तुझा साबण,” काकांनी निशिगंधाच्या हातावर एक हिरवागार साबण ठेवला.

निशिगंधाने तो उलटा केला. तळाला चांदणी होती!

“काका, हा तर कालचाच! एका रात्रीत हिरवा कसा झाला?”

“अं? त्ये... नवीन माल हाय त्यो.”

“मग मी कोरलेली चांदणी याच्यावर कशी?” शाहिस्ता पुढे झाली. तिने खिशातून तार काढली आणि सगळ्यांसमोर साबण कापला. “आजी, बघा. आत खालाचा साबण, वर यांचा रंग!”

धोंडुआजींनी आधी साबण बघितला, मग काकांची बोटं. नखांच्या कडा हिरव्या होत्या!

“सयाज्या!”

काका खुर्चीतच आकसले. “अवो, कपाटात फिके पडले, गिऱ्हाईक हात लावंना. रंगपंचमीचा रंग उरलावता पोतंभर, त्यात बुडवून काढले. रंग त्यो रंग! मला वाटलं, कुणाला काय कळतंय!”

“शबनमक्का सांगत न्हवती, उन्हात ठेवू नगा म्हणून?” आजींनी विचारलं.

“सांगत व्हती की. पर काचंत ठेवलं न्हाई तर दिसणार कसं?”

“थांब, तुलाच बुडवते त्या पोत्यात! माझं पोरगं हिरव्या कानांनी जावळाला बसलं!”

आजींनी एका हाताने काकांची बाही धरली आणि सगळी वरात खालाच्या दारात आणली. काकांनी मान खाली घालून कबुली दिली. राहिलेले रंगवलेले साबण गटारात न टाकता पुरून टाकायचे आणि अध्यक्षबाईंना स्वतः जाऊन खरं सांगायचं, हेही आजींनी तिथल्या तिथे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

“अक्का, माझं चुकलं. तोंड सुटलं माझं,” आजी म्हणाल्या. मग शाहिस्ताच्या पाठीवर त्यांनी असा हात मारला की ती दोन पावलं पुढे गेली. “आणि ही पोरगी! गल्लीतल्या सगळ्या थोरामोठ्यांस्नी दिसलं न्हाई, त्ये हिला दिसलं. शाब्बास, बाय माझे! राजवीर, शीक जरा!”

“आयडिया आमची पन व्हती की!” राजवीर कुरकुरला.

सगळे हसले. खालाही हसली, पण डोळे पुसत. माणसं गेल्यावर घर पुन्हा शांत झालं. शाहिस्ताने भीत भीत विचारलं, “खाला, आता साचे काढायचे पोत्यातून? उद्या पुण्याला न्हाई ना जायचं?”

“साबणासाठी जात नव्हते गं,” खाला म्हणाली. “साबण काय, आज बंद केला तर उद्या सुरू करता येतो. पण त्या दुपारपासनं गल्लीत कुणी हाक मारली न्हाई. ते सोसवलं न्हाई मला.”

शाहिस्ता तिला बिलगली. तिलाही नेमकं तेच सोसवलं नव्हतं, पण इतक्या सरळ शब्दांत तिला ते सांगता आलं नसतं.

तेवढ्यात फोन वाजला. काशिफदादा होता.

“अम्मी, उद्या कितीच्या गाडीनं निघतेस?”

“येत न्हाई मी. इथं काम हाय,” खाला म्हणाली. तिने फोन शाहिस्ताच्या हातात दिला.

“शाहिस्ता? काय झालं गं? अम्मीला बरं न्हाई काय?”

शाहिस्ताने खालाकडे बघितलं. खालाने मान फिरवली.

“बरी हाय की, दादा,” ती म्हणाली. “पण लई एकटी हाय. तूच ये.”

मग दादा म्हणाला, “आज रातच्या गाडीला बसतो. सांग तिला.”